मे महिन्यातली शाळा

नमस्कार श्रोतेहो.

बारावीचे पेपर कधीच संपलेत, कॉलेजच्या परीक्षाही आटोपत आल्यात, आणि घराघरांत एकच विषय चाललाय: पोरानं पुढं काय करायचं? पोलीस भरती, एमपीएससी, नर्सिंग, बँकेची परीक्षा, सगळ्यांची नावं निघतात. शिक्षक होण्याचं नाव निघतं ते शेवटी. "काहीच जमलं नाही तर डी.एड. कर," असं म्हणून निघतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवत आयुष्य काढलं. हे वाक्य ऐकलं की मला वाईट वाटतं, ते त्या पोरासाठी वाटतं आणि उद्या त्याच्यासमोर बसणाऱ्या मुलांसाठीही वाटतं.

शिक्षकी आपल्याला जमेल का, हे मार्कांवरून कळत नाही. कलचाचणीतूनही पुरतं कळत नाही. एक मे महिना पोरांत बसून काढला की कळतं. आज मला एवढंच सांगायचंय. एक मे महिना.

शिक्षक व्हायचा रस्ता लांबचा आहे, हे मी लपवणार नाही. बारावीनंतर दोन वर्षांची डी.एड.ची पदविका, मग 2013 पासून सुरू झालेली टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, मग अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टल ह्या सरकारच्या शिक्षकभरतीच्या संकेतस्थळावर नंबर लागायची वाट, आणि नेमणूक झाली की आधी तीन वर्षं ठरावीक मानधनावरचा शिक्षणसेवक. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला कितीतरी वर्षं महिन्याला 6,000 रुपये मिळत होते. 2023 पासून ते 16,000 झाले. घरापासून दोनशे किलोमीटरवर खोली घेऊन राहणाऱ्या मुलीला तेही पुरत नाहीत, हे माझं स्पष्ट मत आहे आणि जिथं बोलावतील तिथं मी ते सांगते. पण म्हणूनच म्हणते, एवढा लांबचा रस्ता धरण्याआधी आपलं मन त्यात आहे का, ते बघून घ्या.

अनुताई वाघांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य, आणि तिथून जिद्दीनं शिकून पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिका. चांगली शाळा, बांधलेली नोकरी. 1945 साली बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टचं शिबिर होतं, तिथं त्या गेल्या आणि तिथंच त्यांची बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांशी गाठ पडली. ताराबाईंना डहाणूजवळच्या बोर्डीतल्या कामासाठी माणूस हवं होतं. अनुताई गेल्या त्या गेल्याच. पुढं 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर आलं. तिथली आदिवासी मुलं गुरं राखायला जायची, शाळेत येणार कधी? मग शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा! शिक्षिका तर त्या आधीही होत्या. पण जन्माचं काम सापडलं ते शिबिराला गेल्यामुळं.

आता मला जी गोष्ट सांगायची आहे ती आमच्या भागातली. बालाघाटाच्या डोंगरातलं गाव, नाव राहू दे. दिवाळीच्या आगेमागे अर्धं गाव ट्रक-ट्रॅक्टरमध्ये बसून ऊसतोडीला जातं. कुणी कोल्हापूर-सांगलीकडं, कुणी कर्नाटकात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली, ती फिटेपर्यंत तोडायचं. सोबत मुलंही जातात. धाकट्या भावंडाला सांभाळायचं, कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीवर, राखण करायची, वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करायचं. हंगामी वसतिगृहं आहेत, काही ठिकाणी तोडणीवाल्यांच्या मुलांसाठी कारखान्यापाशी साखरशाळा चालल्या, पण सगळी मुलं काही त्यांत सामावत नाहीत. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की माणसं पाडव्याच्या सुमाराला परत येतात. आणि मुलं गावात आली, की थोड्याच दिवसांत शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागते. म्हणजे बघा, ज्या मुलाचं अर्धं वर्ष बुडालं, ते मूल गावात असतं मे महिन्यात, आणि त्याच महिन्यात शाळेला कुलूप! शाळेचं पटांगण, शाळेतलं पाणी, कपाटातली गोष्टींची पुस्तकं, सगळं कुलपात. शाळेची किल्ली मे महिन्यात गावाकडं असली पाहिजे, हे मी नोकरीत असतानाही म्हणायचे, आताही म्हणते.

तर त्या गावात आम्ही मारुतीच्या देवळाच्या मंडपात सकाळी सात ते नऊ वर्ग लावायचं ठरवलं. शिकवायला कोण? गावातलीच एक मुलगी होती, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. तिला पोलीस व्हायचं होतं. पहाटे उठून डांबरी सडकेवर धावायची, आठशे मीटरची वेळ लावायची, गोळाफेकीचा सराव करायची. मी तिच्या आईला म्हटलं, धावून झालं की दोन तास पोरांना बसव. आई म्हणाली, "बसंल की, रिकामीच असती." मुलगी फारशी खूश नव्हती. पण आली.

पहिले काही दिवस तिनं तेच केलं जे कुणीही करतो. फळ्यावर बाराखडी काढली आणि पोरांकडून म्हणून घेतली. आणि सगळ्यांत मोठ्या आवाजात म्हणणारा एक मुलगा होता, असेल नऊ-दहा वर्षांचा. क, का, कि, की, एकदा सुरू झाला की थांबायचा नाही. ती मला म्हणाली, बाई, हा तर हुशार आहे, ह्याला सगळं येतं.

मग एक दिवस तिनं सहज मधल्याच एका अक्षरावर बोट ठेवलं आणि विचारलं, हे काय? मुलगा गप्प. त्यानं पहिल्या अक्षरापासून म्हणायला सुरुवात केली, बोटापर्यंत आला आणि मग ते अक्षर सांगितलं. तिनं वरची ओळ तळहातानं झाकली. आता सांग. त्याला सांगता येईना. सगळी बाराखडी पाठ होती, आणि अक्षर एकही ओळखत नव्हतं! श्रोतेहो, ती मुलगी त्या दिवशी नऊ वाजता घरी गेली नाही. एकेका पोराला समोर बसवून, वरची ओळ झाकून, विचारत राहिली. आणि दुसऱ्या दिवशी धावून आल्यावर घाम पुसायच्या आधी मला म्हणाली, "बाई, पोरं वाचत नाहीत, गाणं म्हणतात."

मला तिथंच कळलं, हिचं काहीतरी वेगळं सुरू झालंय. कारण मुलाला येत नाही हे पुष्कळांना दिसतं. का येत नाही, ह्याच्यामागं जो लागतो तो शिक्षक.

आता तो मुलगा. सडकेवरून ट्रॅक्टर गेला की हा लांबूनच कोणत्या कारखान्याचा ते सांगायचा. तिनं विचारलं, तुला वाचता येत नाही, मग हे कसं कळतं? म्हणाला, "पाटीवरून. त्या कारखान्याच्या पाटीत मधी गोल हाय." अख्खं नाव तो चित्रासारखं ओळखत होता. मग तिनं विचारलं, कारखान्याचं लिहिलेलं अजून काय काय आहे तुमच्या घरी? तो पळत गेला आणि प्लॅस्टिकची एक पिशवी घेऊन आला. आत वजनाच्या पावत्या. त्याच्या आईनं हंगामातली एकूण एक पावती जपून ठेवली होती. तिला स्वतःला वाचता येत नव्हतं, पण मुकादमाचा हिशोब मिटेपर्यंत कागद टाकायचा नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

आणि त्या पावत्यांवर काय होतं? भरलेले वजन, रिकामे वजन, निव्वळ वजन. प्रत्येक पावतीवर तीनदा एकच शब्द: वजन. व, ज, न. काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही. पुस्तक लिहिणाऱ्यानं शोधून काढावा इतका सोपा पहिला शब्द, आणि मुलानं हंगामभर कानांनी ऐकलेला! तिनं व सुटा केला, ज सुटा केला, न सुटा केला. वन झालं, जन झालं, नव झालं. पोरांनी पावत्यांवर शोधून शोधून व-ला गोल केले. मग वजाबाकी. भरलेल्यातून रिकामं गेलं की निव्वळ. त्या मुलाला ती शिकवावीच लागली नाही, फक्त मांडून दाखवावी लागली. काट्यावर गाडी दोनदा का चढते, हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं.

पाचसहा दिवसांनी त्याची आई मंडपाच्या पायरीशी येऊन बसली. म्हणाली, ताई, ह्याला येतंय तर समद्या पावत्यांची बेरीज करून द्या म्हणावं. मुलानं पाटीवर केली, ताईनं तपासली, दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बरोबर आली. ती बेरीज मुकादमाच्या वहीशी जुळली का, ते मी इथं सांगणार नाही, तो त्यांच्या घरचा मामला आहे. पण त्या बाईनं ती पाटी पुसू दिली नाही. पदरानं झाकून घरी नेली.

आणि मग तो प्रश्न आला. मुलगा आता एकेक अक्षर लावून पावती वाचत होता. ऊस ज्याच्या शेतातला त्याचं नाव होतं. वाहतूकदाराचं नाव होतं. मुकादमाचं नाव होतं. त्यानं पावती उलटी करून मागची बाजू पाहिली आणि विचारलं, "ताई, ह्याच्यात माझ्या पप्पाचं नाव कुठाय? ऊस तर पप्पानं तोडला."

ती मुलगी काही बोलू शकली नाही. काय बोलणार? संध्याकाळी माझ्या घरी आली, ओट्यावर बसली, बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. उठताना विचारलं, "बाई, डी.एड.चा फॉर्म कधी निघतो?"

घरी मोठा वाद झाला. वडील म्हणाले, वर्दी मिळाली असती, गावात मान मिळाला असता. वर्षभर ते तिच्याशी नीट बोलले नाहीत. तिनं पदविका केली, टीईटी पहिल्यांदा निघाली नाही, दुसऱ्यांदा निघाली, मग बराच काळ वाट पाहण्यात गेला. आज ती जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. पहाटेचं धावणं तिनं सोडलेलं नाही. आणि तो मुलगा त्या वर्षीही दिवाळीनंतर आईबापाबरोबर तोडीला गेलाच. एका मे महिन्यानं कुणाची उचल फिटत नाही. पुढच्या उन्हाळ्यात परत आला तेव्हा धाकट्या बहिणीला हाताला धरून वर्गात घेऊन आला आणि तिच्यासमोर बाराखडीची वरची ओळ झाकून बसला.

हा एका गावापुरता प्रश्न नाही. ग्रामीण भागातल्या मुलांच्या वाचनाची पाहणी करणारा असर नावाचा अहवाल 2005 पासून निघतो. 2018 मध्ये देशभरात तिसरीतल्या शंभरातल्या सत्तावीस मुलांना दुसरीचा धडा वाचता येत होता. कोरोनात शाळा बंद राहिल्या, आणि 2022 मध्ये ते प्रमाण विसाच्या आसपास उतरलं. 2024 मध्ये पुन्हा सत्ताविसावर आलं. सावरलं, पण सत्तावीसच! त्या पाहणीची रीत फार सोपी आहे: मुलाला अक्षर येतं का, शब्द येतो का, चार ओळींचा परिच्छेद येतो का, गोष्ट येते का. मूल जिथं अडतं तिथून शिकवायला लागायचं, इयत्ता बघायची नाही. 2022 च्या उन्हाळ्यात, ही पाहणी करणाऱ्या प्रथम संस्थेनं गावोगावच्या तरुणांना हाताशी धरून असेच वर्ग घेतले. हे कॉलेजच्या पोरांना जमतं. चांगलं जमतं.

मे महिन्यातलं हे शिकवणं तरुणांवर इतकं का ठसतं, तर मे महिन्यात परीक्षा नसते, साहेबाची तपासणी नसते, भरायचे तक्ते नसतात. समोर फक्त मूल असतं. नोकरीतल्या शिक्षकालाही असा महिना मिळावा, माहिती भरण्याचं ओझं त्याच्या डोक्यावरून उतरावं, असं मला मनापासून वाटतं, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

आईवडिलांनो, तुमची मुलगी, तुमचा मुलगा सुट्टीला घरी आलाय. शहरातल्या छंदवर्गांना हजारो रुपये भरता, ते भरा. पण अठरा-वीस वर्षांच्या पोराला सकाळचे दोन तास वस्तीतल्या मुलांत बसू द्या. त्याला पुढं शिक्षक व्हायचं नसलं तरी बसू द्या. नको वाटलं तर तेही एका महिन्यात कळेल, आणि तेही कळलेलं बरं.

आणि तरुण मित्रांनो, आत्ताच, एप्रिल संपायच्या आत, गावातल्या मुख्याध्यापकांना भेटा. किल्ली मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तर देऊळ, समाजमंदिर, चिंचेची सावली. वेळ सकाळचीच ठेवा, नऊनंतर उन्हात मुलं टिकत नाहीत. पाण्याचा माठ आधी भरा. वह्या नकोत, पाट्या आणा. पाटीवर चुकलेलं पुसता येतं म्हणून मूल लिहायला भीत नाही, वहीत खाडाखोड दिसते. पहिल्या दिवशी पुस्तक उघडू नका. मुलांना सांगा, घरात छापलेलं जे असेल ते घेऊन या. बियाण्याची पिशवी, रेशनकार्ड, लाइटबिल. लग्नसराई आहे, तेव्हा लग्नपत्रिका तर प्रत्येक घरात सापडेल. ती समोर ठेवा आणि मुलाला विचारा, ह्यात तुझ्या ओळखीचं नाव कोणतं?

नमस्कार.