ॲडलेडचा ‘ळ’

नमस्कार, श्रोतेहो. नीना मार्णी? म्हणजे, ‘तू बरा आहेस ना?’ समोर दोघं असतील तर ‘नीवा मार्णी?’, आणि त्याहून जास्त असतील तर ‘ना मार्णी?’ संस्कृतातलं द्विवचन आपल्या मराठीने केव्हाच सोडून दिलं. इथे ते साध्या रामरामात बसलं आहे.

ही कौर्णा भाषा. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या मूळ रहिवाशांची. मी इथेच राहतो आणि ती शिकतो आहे. पहिल्याच तासाला मला फुकटचा भाव मिळाला. ‘दोन’ला शब्द आहे ‘पुळाइची’. इंग्रजी बोलणारे सोबती तिथे अडखळले. मी मात्र बाळ, फळ, आभाळ म्हणावं तसा म्हणून गेलो.

पण हा ‘ळ’ कागदातून उठून आलेला आहे. टाइशेलमान आणि श्यूर्मान हे जर्मन मिशनरी 1838 साली इथे उतरले. दोनच वर्षांत त्यांनी व्याकरण आणि सुमारे दोन हजार शब्द छापले. टॉरेन्स नदीकाठी पिळ्टावाड्ळी, म्हणजे ‘पॉसम या झाडावर राहणाऱ्या प्राण्याचं घर’, या जागी ते कौर्णा मुलांना त्यांच्याच भाषेत लिहायला शिकवत. गव्हर्नर जॉर्ज ग्रे यांच्या अमलात, 1845 मध्ये, ती शाळा मोडली. नवी शाळा इंग्रजीची. आणि या ग्रेसाहेबांनाच भाषांचे कागद जमवायचा नाद! पुढे ते केपटाउनला असताना, 1857 मध्ये, टाइशेलमान यांनी आपला हस्तलिखित कोश पाठवला तो त्यांच्याकडेच. शाळा बुडाली ज्यांच्या राज्यात, शब्द टिकले त्यांच्याच कपाटात.

इवारिची ही कौर्णा बाई 1929 साली गेली, आणि तिच्याबरोबर भाषाही गेली असं लोकांनी धरलं. 1990च्या सुमारास कौर्णा मंडळी त्या जुन्या कोशाकडे वळली; सुरुवात झाली गाण्यांपासून. भाषातज्ज्ञ रॉब एमरी सोबत होते. काम किचकट. जर्मन कानांनी ‘ल’ आणि ‘ळ’ दर वेळी वेगळे टिपले असतील असं नाही, म्हणून नुकुनूसारख्या शेजारच्या बहीण-भाषांशी शब्द ताडून पाहावे लागतात. नवे शब्दही घडवावे लागतात. मला सर्वांत आवडतो तो कॉम्प्युटरचा, ‘मुकार्ण्टु’: मेंदू आणि वीज यांचा सांधा.

हे सगळं ठरवतो ‘कौर्णा वारा पिंच्यान्ती’ हा 2002 पासूनचा गट. शब्द त्यांचे, म्हणून नाव ठेवायचं तरी विचारून ठेवायचं. आमच्या घराला कौर्णा नाव द्यावं असं बायकोच्या मनात आलं. मी म्हटलं, आधी विचारू. अर्ज पाठवला आहे. तोवर दारावर आडनावाचीच पाटी आहे, आणि तिच्यातल्या ‘ळ’चं पोस्टमन रोज काहीतरी करतो.