‘घ’, ‘ध’ आणि पडद्यावरचे ठिपके

श्रोतेहो, नमस्कार.

हाताशी मोबाइल किंवा टॅब असेल तर एखादी मराठी बातमी उघडा आणि तिच्यात ‘घ’ आणि ‘ध’ ही दोन अक्षरं शोधा. ‘घ’च्या डोक्यावरची रेघ सलग जाते. ‘ध’ची रेघ डावीकडे तुटलेली असते. तिथे एक बारीक फट असते आणि त्या फटीत अक्षराची गाठ वर येते. ‘भ’ आणि ‘म’ यांचंही तेच. ‘धन’ वाचायचं की ‘घन’, ‘भरण’ की ‘मरण’, हे ती एवढीशी फट ठरवते. आणि पडदा कमी प्रतीचा असला की सगळ्यात आधी बुजते ती हीच फट.

का बुजते ते बघू. पडद्यावरचं चित्र बारीक चौकोनी ठिपक्यांचं बनलेलं असतं. त्यांना आपण पिक्सेल म्हणतो. एका इंचात असे किती पिक्सेल बसवले आहेत, तो आकडा म्हणजे पीपीआय. दहा इंची स्वस्त टॅब घ्या, बऱ्याच वेळा त्याचं रिझोल्युशन, म्हणजे आडव्या आणि उभ्या पिक्सेलची संख्या, १२८० बाय ८०० असतं. पडदा १०.१ इंचांचा धरला तर पीपीआय येतो साधारण १४९. साध्या मजकुरातलं अक्षर, वरच्या वेलांटीपासून खालच्या उकारापर्यंत, इंचाचा एक दशांश म्हणजे अडीच मिलिमीटर उंच धरू. या टॅबवर तेवढ्या उंचीला मिळतात पंधरा पिक्सेल. पंधरा ठिपक्यांत रफार, मात्रा, शिरोरेषा, अक्षराचं अंग आणि खालचा उकार, सगळं कोंबायचं. ‘ध’च्या फटीच्या वाट्याला जेमतेम एक ठिपका येतो आणि तोही धड पांढरा राहत नाही. कडा दातेरी दिसू नयेत म्हणून सॉफ्टवेअर कडेच्या ठिपक्यांना करडी छटा देतं, त्यामुळे फट करडी होऊन रेघेत मिसळते. हेच अक्षर ४०० पीपीआयच्या फोनवर चाळीस ठिपके उंच असतं. तिथे फटीला दोन-तीन ठिपके मिळतात आणि ती स्वच्छ उघडी दिसते. इंग्रजी अक्षरांचा कारभार त्यामानाने सुटसुटीत, त्यांचं पंधरा ठिपक्यांत भागून जातं. आपल्या जोडाक्षरांचं भागत नाही, म्हणून मराठी वाचणाऱ्याने हा आकडा जास्त काटेकोरपणे बघायला हवा.

खोक्यावर हा आकडा बहुधा नसतो. तिथे मोठ्या अक्षरांत ‘एचडी’ लिहिलेलं असतं, आणि त्या शब्दावरून काहीच कळत नाही. पीपीआय काढणं मात्र अगदी सोपं आहे. शाळेची पट्टी घ्या. पडद्याची अरुंद बाजू सेंटिमीटरमध्ये मोजा, फक्त उजळणारा भाग, कडेची काळी चौकट सोडून. रिझोल्युशनमधला लहान आकडा घ्या, त्याला २.५४ ने गुणा आणि मोजलेल्या सेंटिमीटरने भागा. साडेसहा इंची फोन, रिझोल्युशन ७२० बाय १६००, रुंदी साधारण ६.८ सेंटिमीटर. उत्तर येतं २७० च्या आसपास. त्याच मापाचा १०८० बाय २४०० चा फोन असेल तर ४०० च्या थोडं वर.

आता हा आकडा पुरेसा आहे की नाही, हे अंतरावर अवलंबून असतं. निरोगी डोळा, चष्म्याच्या डॉक्टरांच्या भाषेत सहा बाय सहा नजरेचा, साधारण एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग एवढा तपशील वेगळा ओळखतो. त्यावरून हिशोब असा बसतो : ३४३८ ला पीपीआयने भागा. जे उत्तर येईल तितक्या इंचांच्या पलीकडून पाहिलं तर ठिपके सुटे दिसत नाहीत. ४०० ला साडेआठ इंच. २७० ला पावणेतेरा इंच. आणि त्या १४९ च्या टॅबला तब्बल तेवीस इंच! एवढ्या लांब टॅब धरून कोणी वाचत नाही. मांडीवर किंवा टेबलावर टॅब असतो पंधरा-सोळा इंचांवर, आणि त्या अंतराला २१५ ते २३० पीपीआय तरी हवेत. दहा इंची टॅब १९२० बाय १२०० चा घेतला तर २२४ मिळतात, म्हणजे काम होतं.

हा हिशोब लोकांच्या तोंडी आला तो २०१० मध्ये. अॅपलने आयफोन ४ मध्ये त्याच साडेतीन इंचांत चौपट पिक्सेल बसवले. १६३ पीपीआयवरून थेट ३२६. त्याला त्यांनी ‘रेटिना’ असं नाव दिलं. २०१२ मध्ये आयपॅडचे १३२ वरून २६४ झाले. आयपॅडला ३२६ केले नाहीत, कारण तो फोनपेक्षा लांब धरला जातो.

एक खोच मात्र ध्यानात ठेवा. फोनच्या ओएलईडी पडद्यांपैकी, म्हणजे ज्यांचे ठिपके स्वतःच उजळतात त्यांच्यापैकी, बहुतेकांत प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन उपठिपके नसतात, दोनच असतात. हिरवा प्रत्येकात, लाल आणि निळा आळीपाळीने. या मांडणीला पेनटाइल म्हणतात. खोक्यावरचे ४०० पीपीआय हिरव्यापुरते खरे असतात, लाल-निळ्याची घनता २८३ च्या आसपास भरते. त्यामुळे कमी पीपीआयच्या ओएलईडीवर काळ्या अक्षराच्या कडेला तांबूस किंवा हिरवट झाक दिसते. म्हणून फोन एलसीडीचा, म्हणजे मागून दिव्याचा उजेड देणाऱ्या पडद्याचा, असेल तर ३०० पुरे, ओएलईडीचा असेल तर ४०० च्या खाली उतरू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर एक सोपा प्रयोग आहे. पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा, बोट पाण्यात बुडवून मोहरीएवढा थेंब मधोमध ठेवा. चार्जिंगच्या भोकापासून आणि स्पीकरपासून लांब. थेंब भिंगाचं काम करतो. त्याच्या आत पांढरा रंग नाहीसा होतो आणि तांबडे, हिरवे, निळे तुकडे दिसायला लागतात. एलसीडीवर बहुधा उभ्या पट्ट्या दिसतात, पेनटाइलवर तिरप्या ओळींतले ठिपके. बघून झालं की लगेच मऊ फडक्याने टिपून घ्या.

जास्त पीपीआय म्हणजे जास्त चांगलं, असंही नाही. २०१५ मध्ये सोनीने साडेपाच इंची एक्सपीरिया झेड५ प्रीमियम या फोनमध्ये ४के, म्हणजे ३८४० बाय २१६० चा, पडदा दिला, घनता ८०० च्या वर. पण तोच फोन बहुतेक कामं १०८० मध्येच दाखवायचा, पूर्ण ४के फक्त फोटो आणि व्हिडिओंना. १४४० बाय ३१२० च्या पडद्याला १०८० बाय २३४० च्या पडद्यापेक्षा पावणेदोन पटीहून जास्त ठिपके रंगवावे लागतात आणि त्याचा भार बॅटरीवर पडतो. ५०० च्या पुढे वाचनात जो फरक पडतो तो नगण्य.

पडदा चांगला असूनही चित्र धूसर असेल, तर आधी सेटिंग बघा. काही महागडे फोन कारखान्यातून १०८० वर लावून येतात, पडदा १४४० चा असला तरी. स्क्रीनशॉट काढा आणि गॅलरीत त्याचा तपशील उघडा. तिथे जे आकडे दिसतात ते फोन सध्या कशात चित्र काढतोय ते सांगतात. व्हिडिओ धूसर असेल तर दोष बहुतेक पडद्याचा नसतो. ४८० चा व्हिडिओ १०८० वर पाहताना एका मूळ ठिपक्याला पाच ठिपक्यांची जागा भरावी लागते. खरखरीत मॅट काच लावली असेल तर पांढऱ्यावर रवाळ चमक दिसते, साधी गुळगुळीत काच लावली की ती जाते. आणि पडदा फुटल्यावर स्वस्तातला बदलून घेतला असेल, तर नवा पॅनल मूळ रिझोल्युशनचाच आहे का, हे दुरुस्ती करणाऱ्याला पैसे देण्याआधी विचारा. थेंबाचा प्रयोग तिथेही कामाला येतो.

घरात १४९ चा टॅब आधीच असेल तर तो टाकून देऊ नका. सेटिंगमध्ये अक्षरांचा आकार तीस टक्के वाढवा. पंधरा ठिपक्यांचं अक्षर एकोणीस-वीस ठिपक्यांचं होतं आणि फट उघडते. चाळिशीनंतर जवळचं अंधूक दिसतं त्यावर मात्र पीपीआय हा उपाय नाही. तिथे मोठं अक्षर किंवा चष्माच हवा.

नवीन घ्यायला दुकानात गेलात तर नमुन्याच्या टॅबवर ‘उद्घाटन’ आणि ‘उद्धार’ हे दोन शब्द टाइप करा, अक्षर सगळ्यात लहान करा आणि घरी जितक्या लांब धरता तितक्याच लांब धरा. ‘द’च्या पोटातला ‘घ’ आणि ‘द’च्या पोटातला ‘ध’ डोळे बारीक न करता वेगळे दिसत नसतील, तर वरचं मॉडेल दाखवायला सांगा.