नाव विचारायचं राहिलं

हा फोटो तुम्ही कुठं ना कुठं पाहिलाच असणार. एक बाई, गालाला हात लावलेला, दोन्ही बाजूंना तिच्या खांद्यात तोंड लपवलेली पोरं, मांडीवर तान्हं बाळ. मार्च 1936, कॅलिफोर्नियातलं निपोमो. मटार तोडायला आलेल्या मजुरांचा तळ होता तिथं, आणि पीक गारठ्यानं गेलेलं, म्हणजे काम नाही आणि काम नाही म्हणजे मजुरी नाही. फोटोग्राफर डोरोथिया लँग महिनाभराचं काम संपवून पावसातनं घरी निघालेली, तळाचा बोर्ड दिसला तरी ती थांबली नाही, पण 20 मैल पुढे गेल्यावर राहवलंच नाही म्हणून गाडी वळवून परत आली. मोजकेच फोटो काढले. बाईचं वय विचारलं, 32. नाव विचारलं नाही.

त्या फोटोंनी केलं ते काम मोठंच आहे. पेपरात आले आणि तळावर अन्न पोचलं, पण तोवर हे कुटुंब कामाच्या शोधात तिथून निघूनही गेलेलं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव जगाला कळलं 1978 मध्ये, 42 वर्षांनी, आणि तेव्हा ती बोलली की या फोटोतनं तिला एक पैसाही मिळाला नाही. मला हे वाचून फार लागलं, कारण एरवी हीच लँग लोकांचं बोलणं जसंच्या तसं वहीत उतरवून घ्यायची, फोटोखाली त्यांचेच शब्द द्यायची. जिथं घाई झाली तोच फोटो जगभर गेला.

लँग ज्या सरकारी खात्यासाठी फिरत होती तिथल्या फोटो विभागाचा प्रमुख रॉय स्ट्रायकर. त्याचं एक मला मनापासून पटतं. त्याच्या हाताखालचा फोटोग्राफर कार्ल मायडन्स कापसाचे फोटो काढायला निघाला, तर स्ट्रायकरनं विचारलं कापसाची माहिती काय आहे तुला, आणि फारशी नाही म्हटल्यावर त्या दिवशीचं त्याचं जाणंच रद्द केलं आणि रात्री उशिरापर्यंत त्याला कापूस समजावत बसला. शेतातल्या राबण्याचे फोटो काढायचे तर हे, काम आधी समजून घेणं, कॅमेऱ्यापेक्षा महत्त्वाचंय. खुरपणी करणाऱ्या माणसाचा फोटो उभं राहून काढला की पाठ दिसते नुसती, खाली बसा, गुडघे टेकवा, म्हणजे खुरपं पिकाच्या मुळाला न लागता तणाच्या मुळाशी कसं जातं ते दिसेल, डाव्या हाताची बोटं किती झटपट तण ओढतात ते दिसेल. उफणणीत धान्य सुपातनं सुटतं तो क्षण वाऱ्यावर ठरतो, तुमच्यावर नाही. आणि उजेडाचं म्हणाल तर सगळे संध्याकाळचं सोनेरी ऊन शोधतात, पण राबणं चालतं भर दुपारी, डोळे दिपवणाऱ्या उन्हात, सावल्या काळ्याकुट्ट पडतात, चेहरा नीट येत नाही. तरी तेव्हाच काढा, दमणं काय असतं ते त्याच उजेडात येतं.

मांडून ठेवायचं मात्र नाही काही. त्याच खात्याच्या आर्थर रॉथस्टीननं 1936 मध्ये दुष्काळात भेगाळलेल्या जमिनीवर पडलेली बैलाची कवटी जरा हलवून, साधारण 10 फूट, पुन्हा फोटो काढला. दुष्काळ खरा होता, कवटी खरी होती, पण निवडणुकीचं वर्ष, सरकारच्या विरोधातल्या पेपरांनी खात्याचं सगळं कामच खोटं ठरवलं. 10 फुटांनी हजारो खऱ्या फोटोंवर शंका आली.

आता परत त्या पहिल्या फोटोकडं येऊया. मूळ निगेटिव्हमध्ये पुढे तंबूचा खांब आहे आणि तो धरलेल्या हाताचा अंगठा फ्रेममध्ये आला होता. लँगला तो खटकायचा, काही वर्षांनी तिनं तो निगेटिव्हवरच पुसट करून घेतला, स्ट्रायकरला ते अजिबात आवडलं नव्हतं. मलाही नाही आवडत. नाव आधीच नव्हतं, आणि ज्या हातांनी पोट भरायचं त्यातलाही एवढासा तुकडा गेला. पण त्याआधी काढलेल्या जुन्या प्रिंटमध्ये तो अंगठा अजून आहे, खाली उजव्या कोपऱ्यात, थोडा धूसर, खांबाला घट्ट धरून.