'चक्र'मधला च
(ठाण्यातील व्याख्यानाचा संपादित अंश)

मघाशी पुढच्या रांगेतून प्रश्न आला, 'संस्कृत ही सगळ्या भाषांची आई, असंच ना?' माझं उत्तर स्पष्ट आहे: नाही. ग्रीक, लॅटिन यांची ती बहीण आहे, आणि याचा पुरावा खुद्द संस्कृतनेच जपून ठेवला आहे.

'चाक' घ्या. संस्कृत 'चक्र', प्राकृत 'चक्क', मराठी 'चाक'. 'चरखा' आपल्याकडे फारसी 'चर्ख'वरून आला. 'सायकल' निघाली ग्रीक 'कुक्लोस'पासून. इंग्रजी 'व्हील'ही याच कुळातलं. या सगळ्यांमागे अभ्यासक 'क्वेक्व्लोस' असा मूळ शब्द मांडतात आणि त्याच्याही मागे 'क्वेल्' हा धातू, म्हणजे फिरणं, वळणं. असा शब्द छापताना आधी तारका लावतात, कारण तो कुठेही लिहिलेला सापडत नाही. तो नियमांच्या आधारे मागे जात बांधलेला असतो.

आता नीट ऐका. मुळात 'क्व' दोनदा आहे. पहिल्यापुढे 'ए' आहे, दुसऱ्यापुढे 'ल'. आपल्या, म्हणजे संस्कृतच्या शाखेत 'ए'पुढे आला की 'क'चा 'च' झाला. दुसरा 'क' तसाच राहिला. नंतर तो 'ए'ही 'अ' झाला आणि 'चक्र' तयार झालं. स्वर बदलून गेला, पण तो तिथे होता याची साक्ष 'च' आजही देतो. लॅटिनमध्ये 'आणि'साठी 'क्वे' आहे, संस्कृतात 'च'. तिथेही हाच नियम. १८७०च्या दशकात युरोपातल्या अनेक अभ्यासकांच्या हे जवळपास एकाच वेळी लक्षात आलं. तोवर संस्कृतचे स्वरच सर्वांत जुने मानले जात. मला यात संस्कृतचा कमीपणा मुळीच दिसत नाही. इतका नेमका माग ठेवणारी भाषा दुर्मीळच.

याच 'क्वेल्' धातूचं संस्कृतातलं रूप 'चर्'. आचार, विचार, संचार त्याचेच. लॅटिनमध्ये त्याला जमीन कसणं, वस्ती करणं असा अर्थ आला. त्यातून आलेली 'कॉलनी' ठाण्यात गल्लोगल्ली आहे.

चाकाबरोबर गाडीचे इतर भागही बघायला हवेत. पृथ्वी ज्या 'आसा'भोवती फिरते तो 'अक्ष'पासून आला; लॅटिन 'अक्सिस' आणि इंग्रजी 'ॲक्सल' त्याचे सगेच. बैलाच्या मानेवरचं 'जू' म्हणजे 'युग', इंग्रजी 'योक'. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्यात आली. तिचा 'ॲक्सल' आणि इथल्या बैलगाडीचा 'आस' हे हजारो वर्षांपूर्वी दुरावलेले नातलग त्या दिवशी समोरासमोर आले, याचा मला फार आनंद वाटतो.

एवढे शब्द समाईक, म्हणजे शाखा वेगळ्या होण्याआधीच ती मूळ भाषा बोलणाऱ्या लोकांना गाडी ठाऊक होती. चाकांच्या गाड्यांचे पुरावे साधारण इ.स.पू. ३५००पासून मिळतात, म्हणजे बहुतेक शाखांची फाटाफूट त्याच्या फार आधीची नसावी. अपवाद हित्ती या आजच्या तुर्कस्तानातल्या प्राचीन भाषेचा. तिथे चाकाला 'हुर्कि' असा निराळाच शब्द आहे, आणि ती शाखा सर्वांत आधी फुटली असं बहुतेक अभ्यासक मानतात.