जे बैठकीला येत नाहीत, त्यांच्या गरजांचे नियोजन

स्थानिक सामाजिक सेवांचा आराखडा करायला घेतला की सर्वप्रथम हाताशी असलेल्या नोंदी चाळल्या जातात: वृद्धांना घरी मिळणाऱ्या मदतीसाठी किती अर्ज आले, निवारागृहात किती जणांची सोय झाली, समुपदेशनासाठी किती जण येऊन गेले. या नोंदी हव्यातच. पण त्या सेवेपर्यंत पोहोचलेल्यांच्या असतात. ज्याला अर्ज वाचता येत नाही, ज्याच्याकडे पत्त्याचा पुरावा नाही, किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाला एकटे टाकून जिला कार्यालय गाठता येत नाही, अशांची गरज त्या तक्त्यात शून्य दिसते आणि मागणी नाही म्हणून तरतूदही होत नाही. ज्युलियन ट्यूडर हार्ट या ब्रिटिश डॉक्टरांनी १९७१ मध्ये वैद्यकीय सेवेबद्दल असाच नियम मांडला होता: जिथे गरज अधिक, तिथे चांगली सेवा मिळण्याची शक्यता कमी.

यावर उपाय म्हणून नियोजनातच लोकांना सामील करून घेण्याची पद्धत रुळली. ब्रिटनमध्ये १९९० च्या कायद्याने स्थानिक प्रशासनांवर अशा सेवांचे आराखडे तयार करून प्रसिद्ध करण्याची जबाबदारी टाकली. चेक प्रजासत्ताकातील २००६ च्या सामाजिक सेवा कायद्यानुसार प्रांतांना मध्यम मुदतीचा आराखडा करताना नगरपालिका, सेवा पुरवणाऱ्या संस्थांचे प्रतिनिधी आणि सेवा घेणाऱ्यांचे प्रतिनिधी या सर्वांना सोबत घ्यावे लागते.

कागदावर ही रचना निर्दोष वाटते. प्रत्यक्षात मात्र या तिघांचे बळ सारखे नसते. प्रशासनाच्या हाती निधी असतो. संस्थांकडे पगारी माणसे आणि कार्यालयीन भाषेचा सराव असतो. सेवा घेणारा दिवसाची मजुरी बुडवून येतो आणि ज्या संस्थेवर त्याची भिस्त आहे, तिच्याचविरुद्ध तिच्याच कार्यकर्त्यांसमोर बोलायला साहजिकच कचरतो. संस्थांचा हेतू वाईट असतो असे मला म्हणायचे नाही. पण प्रत्येक संस्थेला गरज दिसते ती आपण देत असलेल्या सेवेच्या आकारातच. (इतिवृत्तात मात्र सर्वांची संमती नोंदलेली असते.) म्हणून बैठकीची वेळ कामगारांच्या सोयीची ठेवणे, प्रवासखर्च व बुडालेली मजुरी देणे, मूल सांभाळण्याची व्यवस्था करणे या गोष्टी किरकोळ समजू नयेत. जे तरीही येणार नाहीत, त्यांच्या दाराशी जाऊन विचारावे लागेल, आणि त्यासाठी त्यांचा विश्वास असलेला माणूस लागेल.

दुसरी अडचण विभागांच्या सीमांची. भाडे थकले की घर जाते. घर गेले की पत्ता जातो, आणि पत्त्याअभावी भत्ता व नोकरी दोन्ही दुरावतात. या साखळीची एकेक कडी वेगवेगळ्या विभागाकडे असल्याने संपूर्ण साखळी कोणाच्याच आराखड्यात येत नाही. भाडे थकल्याची पहिली सूचना मिळताच कोणी, किती दिवसांत भेट द्यायची, हे आराखड्यात नाव आणि निधीसह लिहिलेले असले पाहिजे. लोकांच्या ज्या सूचना नाकारल्या, त्या का नाकारल्या याची कारणेही त्याच दस्तऐवजात यावीत. अन्यथा पुढच्या बैठकीला तीच माणसे पुन्हा कशासाठी येतील?