गाडी मध्येच गचका खाते? पार्ट बदलण्याआधी जोड तपासा

(बॉनेट उघडलेलं, कॅमेऱ्यासमोर)

नमस्कार मंडळी! गाडी मस्त चालतेय आणि मध्येच एक गचका. अर्धा सेकंद इंजिन दम सोडतं, की परत सगळं व्यवस्थित. गॅरेजला नेली, तासभर चालू ठेवली, तर काहीच होत नाही. मग सुरू होतो पार्ट बदलायचा खेळ: आधी प्लग, मग कॉईल, शेवटी पेट्रोल पंप. बिल फुगतं, गचका तिथंच.

इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाडीत असा येऊन-जाऊन होणारा बिघाड असेल, तर आधी सैल जोड शोधा. त्याला फार तर १० नंबरचा पाना आणि एक साधा मल्टिमीटर लागतो.

पहिला प्रश्न, गचका येतो कधी? चढावर, लोड आला की येत असेल तर प्लग, कॉईल, पेट्रोलचं प्रेशर बघा. पण खड्ड्यात, रम्बलरवर, रेल्वे फाटकावर येत असेल, किंवा क्लच सोडताना इंजिन माउंटिंगवर हललं की येत असेल, तर संशय वायरिंगवरच धरा.

दुसरा पुरावा डॅशबोर्डवर मिळतो. गचक्याच्या क्षणी आरपीएमचा काटा बघा, शक्यतो शेजारी बसलेल्याला बघायला सांगा. गाडी गिअरमध्ये आहे, म्हणजे चाकं इंजिनला फिरवतच आहेत. तरीही काटा झपकन शून्यावर आला, तर इंजिन थांबलेलं नाही, त्याचा सिग्नल तुटलाय. अशा वेळी क्रँक सेन्सरचा (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याची, क्रँकची, स्थिती सांगणारा सेन्सर) कपलर, म्हणजे वायरी जोडणारं सॉकेट, किंवा ईसीयूचा (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) सप्लाय आधी बघायचा. क्रँक कुठल्या स्थितीत आहे हे कळलं नाही, की ईसीयू ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही बंद करतो. आणि डॅशबोर्डचं घड्याळच रिसेट झालं असेल, तर मेन सप्लाय उडालाय. थेट बॅटरीकडे चला.

(क्लोजअप, बॅटरी)

इंजिन बंद करून हा टर्मिनल, म्हणजे बॅटरीच्या खुंटावर आवळलेला वायरीचा क्लॅम्प, हाताने पिळायचा, पाना न लावता. जरा जरी फिरला तरी तो सैल आहे. गंमत म्हणजे नट कधीकधी पुरता आवळलेला असतो. झालेलं असतं असं, की काही बॅटऱ्यांचे पोस्ट, म्हणजे ते खुंट, बारीक असतात, काहींचे जाड. जाड पोस्टचा क्लॅम्प बारीक पोस्टवर आवळला, की क्लॅम्पचे दोन कान एकमेकांना टेकतात, पोस्ट मात्र मोकळाच. मग कुणीतरी फटीत पत्र्याचा तुकडा किंवा स्क्रू ठोकून देतं. असा स्क्रू दिसला, की चोर सापडला म्हणायचं. योग्य मापाचा क्लॅम्प लावा. पांढरी-हिरवी पावडर साचली असेल तर टर्मिनल काढा, गरम पाणी आणि खायचा सोडा लावून धुवा, पुसा, मग आवळा. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी.

आणि हो, चालू इंजिनवर टर्मिनल उपसून अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) तपासायची जी पद्धत आहे ना, ती कृपा करून करू नका आणि कुणाला करूही देऊ नका. त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि ईसीयूचा बळी जाऊ शकतो.

आता अर्थिंग. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण सगळ्यात दुर्लक्षित जागा हीच. बॅटरीच्या निगेटिव्हमधून एक वायर बॉडीला जाते, एक इंजिनला किंवा गिअरबॉक्सला. बोल्टखाली गंज धरतो, किंवा कुणी रंगावरच बोल्ट आवळलेला असतो. लोक मीटर ओहमवर लावतात, शून्य दिसतं, ‘ओके आहे’ म्हणतात. पण मीटर अगदी नगण्य करंट सोडतो. एका दोऱ्याने रिकामी बादली उचलता येते, भरलेली नाही. वायरच्या दहा तारा तुटून एकच उरली, तरी मीटरला ती चालते, स्टार्टरला नाही.

म्हणून मोजायचं ते लोडखाली. मीटर डीसी व्होल्टवर. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टवर, क्लॅम्पवर नव्हे. लाल पिन इंजिनच्या कोऱ्या धातूवर. आता कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आसपास दिसलं तर ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसलं, तर तेवढं व्होल्टेज वाटेतच खाल्लं जातंय. हिशोब करा: स्टार्टर १५० अँपिअर ओढत असेल, तर ०.००५ ओहमचा गंजसुद्धा पाऊण व्होल्ट खातो. मग पोस्ट ते क्लॅम्प, क्लॅम्प ते बॉडी, बॉडी ते इंजिन असा एकेक टप्पा मोजा. आकडा जिथे उडी मारतो, तो बोल्ट खोला आणि घासा.

हे सगळं ठीक निघालं, तर इंजिन आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता नुसतं चालू, ठेवून एकेक कपलर आणि वायरिंगचा गठ्ठा हळूच हलवायचा. इंजिन अडखळलं की थांबा, तिथेच परत हलवा. बाह्या वर, ओढणी बाजूला. रेडिएटरचा फॅन न सांगता सुरू होतो. चालू इंजिनवर कॉईलला आणि प्लगच्या वायरींना हात नको, तिथे कोरडी लाकडी काठी वापरा. पिवळे कपलर एअरबॅगचे असतात आणि हायब्रिडमधल्या जाड नारिंगी वायरी हाय व्होल्टेजच्या, तिकडे फिरकायचंच नाही. पार्किंगमध्ये उंदीर असतील, तर कुरतडलेलं इन्सुलेशनही इथेच दिसेल.

(हातात कपलर)

याचं लॉक लागलंय, बाहेरून घट्ट आहे. पण आतली मादी पिन पसरलीय. कुणीतरी टेस्ट लॅम्पची जाड सुई समोरून घुसवलेली असते. इंजिन बंद करून, त्याच मापाची नर पिन आत सरकवून बघा. पकड न जाणवता सुळकन निघाली, तर पिनच बदलायची. स्प्रे मारून ती घट्ट होत नाही.

स्कॅनर असेल तर ईसीयूने नोंदवलेला बिघाडाचा कोड जरूर बघा, पण नीट वाचा. पी ०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरचं ‘सर्किट’. सर्किटमध्ये सेन्सर, वायर आणि कपलर तिन्ही येतात, आणि बदलला जातो फक्त सेन्सर.

दुरुस्ती झाली की गाडी त्याच खड्ड्यांच्या रस्त्यावर न्या. बॅटरी काढून लावली असेल, तर ईसीयू शिकलेलं विसरलेला असू शकतो. सुरुवातीचे काही किलोमीटर आयडल वरखाली होईल, तो जुना गचका नव्हे. लगेच बॉनेट उघडू नका.