ढेकूळ का टिकले?

काचेच्या दोन भांड्यांत पाणी घेऊन प्रत्येकात मातीचे एकेक वाळलेले ढेकूळ अलगद सोडले आहे. डावीकडचे पाहता पाहता विरघळले, पाणी गढूळ झाले आणि तळाशी नुसता गाळ उरला. उजवीकडचे मात्र अजून तसेच आहे. दोन्ही ढेकळे एकाच बागेतली आहेत. फरक इतकाच, की उजवीकडच्या वाफ्याला दर वर्षी न चुकता कुजलेले खत मिळत आले आहे.

मातीचे कण एकमेकांना धरून राहतात ते जिवाणूंनी स्रवलेल्या चिकट द्रव्यांमुळे आणि बुरशीच्या तंतूंमुळे, आणि या दोघांचे अन्न म्हणजे सेंद्रिय पदार्थ. कोरड्या हवामानात झाडोराच विरळ असल्याने मातीला पालापाचोळा कमी मिळतो. सेंद्रिय पदार्थाचे प्रमाण बहुधा १ टक्क्याच्याही खाली असते. त्यात ऊन असे, की पाणी देताच जिवाणू जागे होतात आणि घातलेले खतही झपाट्याने फस्त करतात. म्हणूनच एकदा भरपूर खत घालून थांबणाऱ्याची येथे निराशा होते.

पहिल्या वर्षी चांगल्या कुजलेल्या खताचा सुमारे ५ सेंटीमीटरचा थर पसरून तो वरच्या १५ ते २० सेंटीमीटर मातीत, वाफसा असतानाच (म्हणजे माती ओलसर पण चिखल नसताना), मिसळावा. पुढे दर वर्षी त्याच्या निम्मे पुरते. लाकडाचा कच्चा भुसा मात्र मातीत कालवू नये, कारण त्यात कर्ब (कार्बन) फार आणि नत्र (नायट्रोजन) अगदी थोडे असल्याने तो कुजवताना जिवाणू मातीतलेच नत्र ओढून घेतात आणि रोपे पिवळी पडतात.

शेणखताबाबत विशेष जपावे लागते. त्यात क्षार असतात, आणि जेथे पाऊस कमी तेथे ते पाण्याबरोबर झिरपून खोल न जाता मुळांपाशीच साठतात. मग पानांच्या कडा करपू लागतात. शेणखत पूर्ण कुजलेले आणि बेतानेच द्यावे. लाकडाची राखही टाळावी, कारण तिने मातीचा सामू (pH) वाढतो, आणि अशा मातीचा तो बहुतेक वेळा आधीच चढा असतो.

शेवटी आच्छादन. वाळक्या पाल्याचा ५ ते १० सेंटीमीटरचा थर, खोडापासून थोडा दूर ठेवून. भर दुपारी तो पाला बोटाने बाजूला सारला, तर खालची माती हाताला गार लागते, आणि पाल्याच्या खालच्या बाजूला बुरशीचे पांढरे धागे मातीत उतरताना दिसतात.